सदतीस नंबरचा सरवा

४ जून १९७९, सोमवार

“शरयूबाई, जे वहीत नाही ते झालंच नाही असं समजायचं.” डॉ. रेगे मला हे १९६२ साली म्हणाले, मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात. भाताचे फुटवे मोजून आले होते आणि आकडे त्यांना तोंडी सांगत होते. सव्वीस वर्षांची होते, स्मरणशक्तीचा अभिमान होता. ते चिडले नव्हते. खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली, एवढंच. तेव्हापासून वही नसली की मला पदर नसल्यासारखं वाटतं.

आज ते वाक्य आठवलं ते विद्यापीठाच्या पाकिटामुळे. बारा पानी तक्ता आला आहे. वर ठळक अक्षरांत ‘संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम’. १९६४ पासून आपल्या योजनेने काय शोधलं, ते किती शेतकऱ्यांनी घेतलं, खातेदाराचं नाव, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आधीचं उत्पन्न, नंतरचं उत्पन्न. सोबतच्या पत्रात सरळ लिहिलं आहे की ज्या योजनांचा परिणाम मोजण्याजोगा दिसणार नाही त्या मार्चअखेर बंद होतील. उपसंचालक डॉ. सामंत नोव्हेंबरात स्वतः पाहणीला येणार.

आमची योजना म्हणजे काय, तर खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी सव्वादोन एकर जमीन, पत्र्याची एक खोली, एक खळं, सहा मजूर बायका आणि मी. उतारावरच्या हलक्या जमिनीत येईल असं भात शोधायचं, हे काम. रेग्यांनी सुरू केलं. ते निवृत्त झाले, मग गेले. मी राहिले.

घरी आल्यावर ह्यांना तक्ता दाखवला. हे वीजघरात पाळीवर असतात, भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये आमचं बिऱ्हाड. चष्मा कपाळावर ढकलून सगळी पानं वाचली आणि म्हणाले, “आमचं बरं आहे बाई. काटा हलला की काम झालं. तुझा काटा कुठे बसवलाय?”

मी हसले. पण पोळ्या करताना तोच प्रश्न डोक्यात होता. सतरा वर्षं. काटा कुठे बसवलाय?

१६ जून, शनिवार

येसाजी पाटलांकडे जाऊन आले. आमचं रीतसर मंजूर होऊन लोकांना दिलेलं वाण एकच, एकोणीस नंबर. सगळ्यात आधी ते येसाजींनी घेतलं, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

खुर्ची आणली, चहा आला, मी तक्ता काढला. “एकोणीस नंबर किती जमिनीत लावता?”

“तुमी म्हनाल तेवढं लिवा की.”

“असं नाही पाटील. खरं किती?”

“दोन एकर लिवा. कमी वाटत असल तर तीन लिवा. आपल्याच शाळंतल्या बाई तुमी, तुमाला नाय म्हनायचं का?”

मी कुठल्याही शाळेत नव्हते, पण ते राहू दे. त्यांची सून चहाचे कप उचलत होती, तिला हसू आवरेना. “आवो खरं सांगा ना मामा. रस्त्याकडची ती एक पट्टी हाय बाई. जीपमधनं दिसंल तेवढीच. बाकी सगळं आपलं जुनंच भात.”

येसाजी जरा ओशाळले. मग तेही हसायला लागले. “सायब लोक येतात, फोटू काढतात. त्यांना पन बरं वाटतं. खायला आमाला जुनंच गोड लागतं, बाई. रागावू नका.”

रागावले नाही. परतीच्या वाटेवर रस्त्याच्या कडेची अशी अकरा शेतं पाहिली. सगळीकडे एकोणीस नंबर रस्त्यालाच चिकटलेला, जसा काही त्याला आत यायला बंदी आहे.

१२ जुलै, गुरुवार

लावणी. दिवसभर चिखल. सहाही जणी ओळीत वाकलेल्या, आवणाच्या, म्हणजे रोपांच्या, मुठी भराभर रिकाम्या होत होत्या. मोतीबाई सगळ्यांत पुढे. पन्नाशीची असेल, पण हात अजून तिचेच सगळ्यांत चपळ. ह्या सहाही बायका वरच्या एकाच ठाकरांच्या वाडीच्या. आपापसात त्यांच्या बोलीत बोलतात, ते मला अर्धं कळतं. माझ्याशी बोलताना खालच्या गावातल्यासारखं बोलतात.

दुपारी बांधावर बसल्यावर सहज विचारलं, “मोतीबाई, तुमचं स्वतःचं शेत किती गं?”

त्यांच्यातल्या सोनुबाईनं तिच्याकडे पाहिलं. मोतीबाई म्हणाली, “आमचं कसलं शेत बाई. डोंगराला खाजवतो जरा.” सगळ्या हसल्या. मीही हसले. तक्त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथंच मिटला. खातेदार नाहीत, सर्व्हे नंबर नाही.

एक गोष्ट आज मनात आली. पूर्वी भादव्यात ह्या बायका डब्यात उकडलेले कडू कंद आणायच्या. रात्रभर ओढ्याच्या पाण्यात ठेवायचे म्हणजे कडवटपणा जातो म्हणायच्या. मी एकदा चाखला होता, दोन दिवस घसा खाजत होता. गेल्या कित्येक वर्षांत तो कंद त्यांच्या डब्यात पाहिला नाही. जंगलात मिळेनासा झाला असेल.

२१ ऑगस्ट, मंगळवार

सगळा हिशेब मांडून झाला. एकोणीस नंबर: अकरा शेतकरी, मिळून चार एकर, तेही रस्त्याला लागून. याखेरीज माझे तीन शोधनिबंध. एक वाचून कोणीतरी फिलिपिन्सहून पोस्टकार्ड पाठवलं होतं, ते अजून आहे.

नामंजूर झालेल्या वाणांच्या जुन्या वह्या चाळत बसले. ३७ नंबरचं पान सापडलं. माझंच अक्षर, सप्टेंबर १९६७. “ब्याण्णव दिवसांत तयार. पेऱ्यावर जांभळी रेघ. दाणा जाड, तांबूस. लोळत नाही. उत्पन्न खालच्या जमिनीत फार कमी. नामंजूर. उरलेलं बियाणं नष्ट केलं.” सदतीस नंबर माझा लाडका होता. उतारावर बरा येत होता, पण वाण खालच्या जमिनीतल्या चाचणीतही उतरायला हवं असा नियम होता. तिथं तो मार खाऊन गेला.

रात्रपाळी नव्हती, म्हणून हे संध्याकाळी माझ्याजवळ बसले. मी म्हटलं, “शून्यच म्हणायचं. सतरा वर्षांचं शून्य.”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आमच्या मीटरवर वीज दिसते. पण वीज करून झाल्यावर पाणी खाली सोडतो ना आपण? त्या पाण्यावर कर्जतपर्यंत उन्हाळी भात होतं. मार्च-एप्रिलात हिरवंगार. आमच्या कुठल्याच वहीत ते नाही. मला बावीस वर्षांत कोणी विचारलंही नाही.”

“मग?”

“मग काही नाही. वीजघर मात्र बंद केलं तर पहिली बोंब ते भातवालेच मारतील. मुंबईवाले मेणबत्ती लावून वाट बघतील.”

ह्यांचं बोलणं कधी कधी चांगलं असतं, पण तक्त्यात बसत नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार

आज सहापैकी एकही आली नाही. गवत काढायची बेणणी अर्धी पडली आहे, लवकर पिकणाऱ्या हळव्या भातावर चिमण्या उतरल्या आहेत. दिवसभर मी एकटी पत्र्याचा डबा बडवत बांधावरून फिरले. नोव्हेंबरात साहेब येणार, प्लॉट असे गवताळलेले दिसले तर तक्त्याची गरजच पडणार नाही.

दर वर्षी हेच. ऐन गरजेच्या आठवड्यात गायब. आधी सांगत नाहीत, नंतर विचारलं तर “काम होतं बाई” म्हणतात. नवरात्र बसलं आहे, देवाचं काहीतरी असणार. मी कधी मजुरी कापत नाही म्हणून सोकावल्या. या वेळी हजेरीपटावर शेरा मारायचा असं ठरवलं आहे.

२६ सप्टेंबर, बुधवार

शेरा मारायला हजेरीपट काढला तो मिटवलाच नाही. १९६४ पासूनचे सगळे कपाटात आहेत, मीच जपून ठेवलेले. एक एक उघडत गेले.

नवरात्र नाही. नवरात्र दर वर्षी मागेपुढे होतं, अधिक महिना आला की ऑक्टोबरात जातं. ह्या बायकांची गैरहजेरी हलत नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, फार तर चार दिवस इकडे तिकडे, तेही पाऊस लांबला त्या वर्षी.

आणि पूर्वी असं नव्हतं. ६४, ६५, ६६, ६७, या चार वर्षांत सप्टेंबरात सहाही जणी रोज हजर आहेत. मला आता आठवतं, तेव्हा रविवारीही काम द्या म्हणून मागे लागायच्या. १९६८ साली पहिल्यांदा मोतीबाई दोन दिवस नाही. ६९ साली मोतीबाई आणि सोनुबाई, चार दिवस. ७० साली तिघी. ७२ पासून सहाही, आठवडाभर.

मी हे कागदावर आलेखासारखं काढलं. आजवर मी काढलेल्या कुठल्याही आलेखापेक्षा रेघ सरळ वर गेली आहे. कसली रेघ, ते मात्र कळत नाही.

परवा वर वाडीत जाऊन बघते. इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

वाडीचं नाव इथंही लिहीत नाही. का ते पुढे येईल.

सकाळी सातला निघाले, दहा वाजले पोचायला. शेवटच्या चढावर दम लागला म्हणून एका कातळावर टेकले, समोर उतारावर भात पिकलेलं होतं. लहान लहान तुकडे, मध्ये झाडांचे खुंट. खाली आमच्याकडे गरवं भात अजून हिरवं आहे, हे पार पिवळं होऊन कापणीला आलेलं. अर्धं कापलंही होतं. मी भाताचं एक ताट हातात घेतलं, पान खाली ओढलं.

पेऱ्यावर जांभळी रेघ.

कातळावर परत बसले.

मोतीबाई विळा घेऊन तिकडून आली. मला बघून दचकली, मग हसून सोनुबाईला ओरडली, “ए, बाई आल्यात गं! कामाला न्यायला आल्यात!”

“हे भात कुठलं, मोतीबाई?”

“सरव्याचं.”

कापणीनंतर शेतात पडलेल्या लोंब्या मजूर बायकांनी वेचून घ्यायच्या, हा सरवा. गावात सगळीकडे असतो, त्यावर कोणी नाही म्हणत नाही. आमच्या केंद्रावर मात्र सक्त मनाई. एका प्लॉटचा दाणा दुसऱ्यात गेला की चाचणी फुकट.

“कुठला सरवा?”

“तुमच्याच हितला की. तुमी पाठ करून बसला होता ना तवा.”

मी म्हटलं मला काही आठवत नाही. तेव्हा तिनं सांगितलं, आणि बाकीच्या जणी मधे मधे भर घालत होत्या. त्या वर्षी भादव्यात घरात दाणा नव्हता. कंद उकरून उकरून हात सोलले होते. आमच्या एका तुकड्याची कापणी झाली, मोठे साहेब म्हणाले हे बाद झालं, जाळून टाका. साहेब गेले. सहाही जणी बांधावर उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग बांधावर जाऊन शेताकडे पाठ करून वहीत लिहीत बसले, दिवस मावळेपर्यंत.

“येवढं काय लिवत होतात कुनास ठाऊक,” मोतीबाई म्हणाली. “आमी म्हनलं, बाईचं लिवून व्हायच्या आत उरका गं.”

मला खरंच आठवत नाही. वहीत तर मी नष्ट केलं म्हणून लिहिलं आहे. मी खोटं लिहीत नाही. प्लॉट जाळला असणार, राख पाहिली असणार आणि लिहिलं असणार.

त्या सरव्यातलं निम्मं त्यांनी खाल्लं. निम्मं मोतीबाईनं फडक्यात बांधून आढ्याला टांगलं. “लौकर पिकतं हे बघितलं होतं ना हातानं. बाकीचं भात, नाचनी, वरी सगळं दिवाळीला येतं. हे भुकेच्या टायमाला येतं.”

“आणि कंद?”

“कंद आता हौसेला. पोरं तोंड वाकडं करतात.”

मग मी विचारलं, अजून कोणाकडे आहे? यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मुलीचं लग्न झालं की पाठवणीला सूपभर हे बी द्यायचं, असं झालं आहे. मोतीबाईच्या गोदाबरोबर पहिलं गेलं, कर्जतच्या बाजूला, भीमाशंकराच्या अंगाला. तिच्या नणंदेनं पुढे नेलं. सोनुबाईच्या दोन्ही मुली, त्यांच्या जावा. त्यांनी मुली मोजल्या, मी वाड्या लिहिल्या. सतरा झाल्या. दोन तालुके. मंजूर झालेलं वाण रस्त्यावर थांबून राहिलं, आणि नामंजूर झालेलं मुलींबरोबर डोंगर चढून गेलं.

मी घराघराचं नाव, तुकड्याचा अंदाज, सगळं वहीत घेत होते. मोतीबाईचा भाऊ पोशा इतका वेळ बाजूला बसून विळ्याला धार लावत होता. तो म्हणाला, “बाई, नावं कशाला लिवता?”

मी तक्त्याचं सांगितलं.

“ही जागा जंगलची. आमच्या बापजाद्यांनी केली, पन कागद नाय. पल्याडच्या वाडीत एकदा असंच कुनी नावं लिवून नेली. मग मोजनी आली. मग सांगितलं, उठा. तुमचं काम चांगलं असल, पन कागद कुठं जाईल ते तुमच्या तरी हातात हाय का?”

“गप रं पोशा,” मोतीबाई म्हणाली. “बाई का परक्या हायत?”

“परक्या नायत म्हनून तर त्यांना सांगतो. परक्याला कोन सांगल?”

मी “बघते” म्हटलं. त्यानं ते होकारासारखं घेतलं आणि मला भाकरी वाढा म्हणून बायकांना सांगितलं.

निघताना मोतीबाई माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आली. “बाई, एक खोड हाय ह्या भाताला. पिकलं की दोन दिवसांत दाना गळतो. म्हनून तर सगळ्यांना एकदम सुट्टी घ्यावी लागते. तेवढं बघा ना तुमच्याकडं. दाना धरून ठेवल असं करा.”

सतरा वर्षांत पिकवणाऱ्यांपैकी कोणी मला काही शोधायला सांगितलं नव्हतं. विषय वरून येतात. आज पहिल्यांदा खालून आला. की वरून, डोंगरावरून, म्हणू?

८ ऑक्टोबर, सोमवार

आज तक्ता भरला. सगळी नावं घातली.

दहा दिवस मनाशी भांडले. पोशाला मी शब्द कुठे दिला? बघते म्हणाले. योजना बंद झाली तर दाणा गळायचं कोण थांबवणार? माझी वेंगुर्ल्याला बदली होईल, इथल्या जागेवर गोदाम होईल. त्यांच्याच भल्यासाठी नावं हवीत. सतरा वाड्या, दोनशेच्या वर घरं! असा परिणाम विद्यापीठात कोणाच्याही योजनेचा नसेल. सामंतसाहेब तक्ता पुण्या-मुंबईला दाखवतील. आणि मला हेही लिहिलं पाहिजे की माझं नाव वर येईल म्हणून मला आनंद झाला. ‘संशोधन सहायक, सौ. शरयू गुप्ते’ असं मी फार सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सर्व्हे नंबरच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. ‘वनजमीन’ लिहिलं. खरं तेच लिहायला हवं.

पाकीट अजून चिकटवलेलं नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

बायका कामावर आल्या आहेत. दुपारी मोतीबाई खोलीत पाणी प्यायला आली. टेबलावर तक्ता होता. मला तिच्यापासून लपवता येईना.

“मी नावं लिहिली, मोतीबाई.”

तिनं पेला खाली ठेवला. “माजं पन?”

“पहिलंच तुझं.”

मला वाटलं आता बोलेल, रागावेल. ती म्हणाली, “दाखवा बरं.”

मी बोट ठेवून दाखवलं. ती वाकून बघत राहिली. “हजेरीत लिवता तसंच?”

“तसंच. फक्त पुढे भात लिहिलंय. मोतीबाई, सदतीस नंबर, अर्धा एकर.”

“माज्या नावाफुडं भात?”

“हो.”

तिनं पदराला हात पुसला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, हळूच, शाई ओली असल्यासारखं. “बरं दिसतं,” ती म्हणाली. मग बोट उचलून म्हणाली, “आता खोडा.”

मी खोडलं. ती शेजारी उभी राहून बघत होती. एकेक नाव मी वाचायचं, ती मान हलवायची, मी रेघ मारायची. सतराही वाड्या झाल्या. गोदाच्या नावाशी ती जरा थांबली, म्हणाली, “हिचं पन.” मग पाणी पिऊन कामाला गेली.

१४ ऑक्टोबर, रविवार

कोरा तक्ता होता एक, तो भरला. एकोणीस नंबर: अकरा शेतकरी, चार एकर, रस्त्यालगत. खरं तेवढंच. खोडलेली पानं आणि वाडीत वहीत घेतलेली नावं चुलीत घातली. यावेळी स्वतः बसून जळताना पाहिली.

शेवटच्या पानावर ‘इतर काही असल्यास’ म्हणून चार ओळींची जागा आहे. तिथं हजेरीपटाचा गोषवारा जोडला आहे. नावं नाहीत, वाडी नाही. नुसतं वर्ष आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले गैरहजर दिवस. खाली एक वाक्य: “या आठवड्यात पूर्वी ज्यांच्या घरी अन्न नसे, त्यांच्या घरी आता कापणी असते.”

ह्यांनी वाचून पाहिलं. “हे बघून आधी तुला मेमो देतील. मजूर बारा वर्षं दांड्या मारतायत आणि बाई आलेख काढतायत.”

“देऊ देत.”

“आणि ते सदतीस नंबर नष्ट केल्याचं?”

“तेही लिहिलंय. नोंद चुकीची होती, बियाणं बाहेर गेलं, जबाबदारी माझी.”

ह्यांनी माझ्याकडे जरा वेगळंच पाहिलं. “शरयू, तुला खरंच आठवत नाही तो दिवस?”

“नाही म्हटलं ना.”

“बरं,” म्हणाले. “चहा कर. मीठ नको घालूस, साखर घाल. तुझं लक्ष नाहीये.”

लक्ष होतं. बियाण्याच्या डब्यात सदतीस नंबरचे मोतीबाईनं दिलेले दाणे आहेत, दोन मुठी. गळणार नाही असा दाणा धरणारं ताट त्यात हजारात एखादं असणारच. पुढच्या जूनमध्ये पेरायचं, कापणीला मुद्दाम आठ दिवस उशीर करायचा, आणि ज्या ताटावर दाणा टिकेल ते निवडायचं. चार वर्षं लागतील. योजना राहिली नाही तर क्वार्टर्सच्या मागे दोन गुंठे जागा आहे. हे म्हणतात तिथं त्यांना वांगी लावायची होती, पण ठीक आहे.

५ नोव्हेंबर, सोमवार

डॉ. सामंतांचं पत्र आलं. वीस तारखेला येणार. जीप येसाजी पाटलांच्या शेतापर्यंत न्यायची, फोटो काढायचे, दीड वाजता खोपोलीला जेवण. गोषवाऱ्याबद्दल एक ओळ: “गैरहजेरीच्या तक्त्याचा संदर्भ कळला नाही. लाभार्थ्यांची नावे व गावे असल्यास तातडीने कळवावीत, अन्यथा योजनेचा परिणाम रस्त्यालगतच्या क्षेत्रापुरताच धरावा लागेल.”

मी दुपारभर बसून उत्तर लिहिलं. उद्याच्या टपालात जाईल. अशा पत्राला होकार येत नसतो, हे मला माहीत आहे. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांनाही वर कोणाला तरी तक्ता द्यायचा आहे. तरी लिहून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. मोतीबाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “यायचे नायत. पन आले तर तांदूळ काढून ठेवते.”

पत्राचा शेवट असा आहे:

“महोदय, नावे व गावे मजकडे होती, ती मी नष्ट केली आहेत, आणि विचारल्यास पुन्हा सांगणार नाही. त्याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. मात्र परिणाम नाही असे मी लिहून देऊ शकत नाही, कारण तो मी पाहिला आहे. यास्तव विनंती की, वीस तारखेस आपण खोपोलीस जेवू नये. जीप, ड्रायव्हर, कॅमेरा व कागद येसाजी पाटलांच्या अंगणात ठेवून आपण माझ्याबरोबर तीन तास चालावे. चढ आहे, वाटेत दोन ठिकाणी पाणी आहे. वर नव्या तांदळाचा भात तयार असेल. तो खावा, ज्यांनी पिकवला त्यांच्याशी बोलावे, दाणा का गळतो हे त्यांच्याकडून ऐकावे, आणि मग योजना आणखी चार वर्षे ठेवावी की नाही ते ठरवावे. परत आल्यावर आपण कुठे गेला होता हे कोणत्याही कागदावर लिहू नये; आणि वर असताना, कृपया, वाडीचे नाव कोणाला विचारू नये.”